भावपूर्ण श्रद्धांजली कशी वाहावी: ख्राइस्टचर्चला नव्याने आलेल्यांसाठी

मोठी माणसं जातात, त्याला आपला इलाज नाही. ती गेल्याचं ग्रुपवर आधी कुणी टाकलं, हे मात्र सर्वस्वी आपल्या हातात असतं. ख्राइस्टचर्चला नव्याने आलेल्या मराठी माणसाला घर, नोकरी, सेकंडहँड गाडी हे हळूहळू जमतं. ताजा कढीपत्ता रिकर्टनला कुठल्या वारी येतो, हेही कुणीतरी सांगतं. श्रद्धांजली मात्र पहिल्याच महिन्यात वाहावी लागते आणि ती कुणी शिकवत नाही. म्हणून हे मार्गदर्शन. पायऱ्या क्रमाने चढा. गेलेल्या कलाकाराचं काम पाहिलेलं, ऐकलेलं किंवा वाचलेलं असण्याची अट नाही.

१. घड्याळाचा फायदा घ्या

इथल्या हिवाळ्यात आपण भारताच्या साडेसहा तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेसात. पुण्यतिथीसाठी यासारखं सुख नाही. पुलं गेले १२ जूनला, २००० साली. हा १२ जून आधी आपल्याकडे लागतो. पुण्यात अजून ११ तारखेचे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, लोक चहा पीत असतात, आणि तुम्ही इथे इलेक्ट्रिक ब्लँकेटच्या उबेत रात्री बाराच्या ठोक्याला 'विनम्र अभिवादन' टाकून मोकळे! न्यू जर्सीच्या मंडळाला हे जन्मात जमायचं नाही. ऑकलंडवाले आपल्याच घड्याळावर चालतात, तेव्हा त्यांच्यावर नजर असू द्या.

ताज्या बातमीचं गणित उलटं आहे. मुंबईत रात्री दहाला कुणी गेलं की इथे थंडीतल्या पहाटेचे साडेचार. तुम्ही उठेपर्यंत दुबई, लंडन हळहळून मोकळं झालेलं असतं. यावर इलाज एकच. फोन उशाशी ठेवा, आणि ऐंशी ओलांडलेले, सध्या रुग्णालयात असलेले कलाकार कोण, याची यादी डोक्यात ठेवा. हे बरं दिसत नाही असं वाटतंय? वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत मृत्युलेख आधीच लिहून ठेवलेले असतात. तुम्ही फक्त फोटो शोधून ठेवताय.

सोयीच्या बाबतीत लताबाईंचा हात कुणी धरू शकणार नाही. त्या गेल्या ६ फेब्रुवारी २०२२ ला, रविवारी सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी. इथे दुपारचे पावणेचार व्हायचे होते, सगळे जागे, जेवणं झालेली. शिवाय ६ फेब्रुवारी म्हणजे वाइतांगी डे, इथली सार्वजनिक सुटी. ती रविवारी आली म्हणून सोमवारवर गेली, आणि नेमक्या त्याच सोमवारी, ७ तारखेला, महाराष्ट्र सरकारनेही लताबाईंसाठी सुटी जाहीर केली. मुंबईतलं मंत्रालय आणि ख्राइस्टचर्चमधली तुमची कचेरी एकाच दिवशी बंद, कारणं वेगळी. तेव्हापासून त्यांची पुण्यतिथी इथे दर वर्षी सुटीच्या दिवशीच येते. हॉल मात्र दिवाळीतच सांगून ठेवा, कारण ही युक्ती इतरांनाही सुचली आहे.

२. माणूस खरोखर गेला आहे का, ते पाहा (ऐच्छिक)

या पायरीवर वेळ घालवणारे मागे पडतात, असं जाणकारांचं मत आहे. तरी एक उदाहरण माहीत असावं. २३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री विक्रम गोखले गेल्याची बातमी पसरली. आपल्याकडे २४ ची सकाळ, लोक बसमध्ये, हातात फोन. हिंदीतल्या बड्या नटांनीसुद्धा शोक व्यक्त करून टाकला. मग गोखल्यांच्या पत्नीने सांगितलं की ते अत्यवस्थ आहेत, पण आहेत. ते गेले २६ तारखेला, पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात. मधले दोन दिवस देशोदेशीच्या मराठी ग्रुपांवर एक जिवंत माणूस हार घालून उभा होता.

असं झालं तर काय करायचं? मेसेज पुसू नका. पुसलेल्या मेसेजची खूण तुमच्या नावासकट मागे राहते आणि लोक ती शहाण्यासारखी लक्षात ठेवतात. त्याऐवजी खाली लिहा, 'देव करो आणि ही बातमी खोटी ठरो!' आता माणूस वाचला तर तुमच्या प्रार्थनेला यश, नाही वाचला तर तुम्ही सर्वांत आधी. दोन दिवसांनी स्वतःच्याच जुन्या मेसेजला हात जोडून उत्तर द्या.

गोखल्यांची पणजी दुर्गाबाई कामत ही दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये पडद्यावर आली, बायका सिनेमात काम करत नव्हत्या तेव्हा. सोबत तिची मुलगी कमलाबाई, म्हणजे गोखल्यांची आजी. हे तुम्हाला माहीत असेल तर आत दाबून ठेवा. 'अधिक वाचा' दाबावं लागेल एवढा मेसेज कुणी वाचत नाही.

३. फोटो निवडा

आपल्याकडे सुलोचना तीन. पहिल्या सुलोचनाबाई म्हणजे रूबी मायर्स, मूकपटाच्या काळातल्या नायिका, १९८३ ला गेल्या. दुसऱ्या सुलोचना चव्हाण, लावणीच्या. डोक्यावरचा पदर न ढळू देता त्यांनी लावणी गायली आणि लोकांना घाम फोडला. त्या गेल्या १० डिसेंबर २०२२ ला. तिसऱ्या सुलोचनादीदी, अर्ध्या हिंदी सिनेमाची आई, ४ जून २०२३ ला गेल्या. फोटो शोधताना इंटरनेट तुम्हाला या तिघी एकत्र दाखवील. तुम्ही लावणीवालीच्या बातमीवर आईचा फोटो लावलात तर पंधरा माणसं त्यावर फुलं टाकतील आणि एक बापटकाका फोन करील. बापटकाका प्रत्येक गावात असतात. त्यांना 'अहो, फोटो आपोआप आला' असं सांगा.

काळापांढरा फोटो घ्या. माणूस गेल्या वर्षीपर्यंत मालिकेत रंगीत काम करत असला तरी काळापांढराच.

४. मजकूर

'भावपूर्ण श्रद्धांजली' पूर्ण लिहा. घाईच्या वेळी 'भापूश्र' चालतं, पण ते पंचवीस वर्षांच्या आतल्यांनाच शोभतं. पुढचे शब्द तयार मिळतात: पर्वाचा अंत, काळाच्या पडद्याआड, कधीही भरून न निघणारी पोकळी. शेवटचा शब्दप्रयोग ख्राइस्टचर्चमध्ये जपून वापरा. २०११ च्या भूकंपानंतर या गावात हजारावर इमारती पाडल्या गेल्या आणि भर मध्यवस्तीत खडी टाकलेले रिकामे चौकोन राहिले. कॅथीड्रलच्या डागडुजीचं काम २०२४ मध्ये पैसे कमी पडले म्हणून थांबलं. पोकळी म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. तो तीत तासाच्या दराने गाडी लावतो.

'ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो' हे कुणालाही चालतं. डॉ. श्रीराम लागूंनाही. लागूंनी 'देवाला रिटायर करा' असा लेख लिहिला आणि उभं आयुष्य त्या मताला धरून काढलं. १७ डिसेंबर २०१९ ला ते गेल्याबरोबर आपण त्यांना त्याच निवृत्त देवाच्या हवाली केलं. त्यांची हरकत येण्याची शक्यता नव्हती. या क्षेत्रातला हा सर्वांत मोठा फायदा आहे.

विशेषणांचं वळण बसवायचं तर आचार्य अत्रे वाचा. गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही, ही मोजपट्टी त्यांच्या नावावर आहे. पण सावध राहा. अत्र्यांच्या मृत्युलेखांत माणूस सापडतो, आणि एकदा तो सापडू लागला की चार ओळींत भागत नाही. नेहरू गेले तेव्हा त्यांनी 'मराठा'त लेखमाला लिहिली. तुम्हाला चार ओळी आणि एक दिवा पुरे.

कुठलाही विनोद, सुविचार किंवा वृद्धाश्रमावरची कविता खाली नाव नसताना आली तर ती पुलंची समजा. फार रडकी असेल तर वपुंची. त्यांनी ती लिहिली नव्हती असं कुणी म्हणालं, तर 'भावना महत्त्वाची' म्हणून पुढे जा.

५. तारीख

आधी दोन तारखा वहीतून खोडून टाका. २२ फेब्रुवारीला भूकंपात १८५ माणसं गेली आणि १५ मार्चला, २०१९ साली, मशिदींमध्ये ५१. या दोन दिवशी या गावात दुसऱ्या कुणाची पुण्यतिथी करायची नसते. दादा कोंडके १४ मार्चला गेले, तेव्हा त्यांचा कार्यक्रम आठवडाभर पुढे ढकला. दादा समजून घेतील.

बाकी वर्ष तुमचं. डिसेंबरात फार गर्दी आहे: १३ ला स्मिता पाटील, १४ ला गदिमा, १६ ला लक्ष्मीकांत बेर्डे, १७ ला डॉ. लागू. १५ ला सरदार पटेल येतात, पण ते गुजराती मंडळाकडे. या दिवसांत निम्मे लोक पुण्याला गेलेले असतात आणि उरलेले तंबू घेऊन समुद्रावर, म्हणून चौघांना एकत्र करून 'डिसेंबरचे तारे' असं नाव द्या आणि कार्यक्रम फेब्रुवारीत घ्या. जूनमध्ये पुलं १२ ला आणि अत्रे १३ ला, त्यामुळे एकाच हॉलभाड्यात दोघं होतात. हयात असताना या दोघांना एका संध्याकाळच्या भाड्यात कुणी बसवू शकलं नसतं.

आता १३ जुलै. इथे जरा थांबा. २००९ साली या दिवशी निळू फुले गेले. १९३४ साली याच दिवशी, याच ख्राइस्टचर्चमध्ये, केट शेपर्ड गेल्या. कोण केट शेपर्ड, असं वाटलं तर पाकिटातली दहा डॉलरची नोट काढा. त्याच त्या. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून १८९३ साली त्यांच्या चळवळीने जवळजवळ बत्तीस हजार सह्या जमवल्या आणि कागद एकाला एक चिकटवून केलेली ती लांबलचक गुंडाळी संसदेपुढे गेली. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं, जगात सर्वांत आधी. त्यांचं घर आयलॅममध्ये क्लाइड रोडवर आहे, आत जाऊन बघता येतं. आपल्यातले कितीतरी लोक मुलांना विद्यापीठात सोडायला त्याच रस्त्याने जातात.

म्हणजे एकीकडे बायकांना मतपेटीपर्यंत नेणारी बाई आणि दुसरीकडे पडद्यावर बायकांना वाड्यावर बोलावणारा पाटील. कमिटीच्या बैठकीत हा संयुक्त कार्यक्रम सुचवून बघा. दोन वहिनी लगेच पर्स उचलतील. त्यांना थांबवायचं तर सांगण्यासारखं खूप आहे. निळूभाऊ राष्ट्र सेवा दलात वाढले. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात ते माळी होते, आणि हे गाव स्वतःला गार्डन सिटी म्हणवतं. 'सामना' आणि 'सिंहासन' करणारा हा नट अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही होता. पडद्यावरचा हलकटपणा त्याने इतका मन लावून केला की खेडोपाडी बायका त्याच्या नावाने बोटं मोडत, आणि तो ती कामाची पावती समजे. केटबाईंशी त्यांचं जमलं असतं, दुभाषा लागला असता एवढंच.

असा कार्यक्रम झाला तर कदाचित कुणीतरी काहीतरी नवीन बोलून जाईल, म्हणून तो होत नाही. त्याऐवजी 'निळूभाऊंचे गाजलेले संवाद' ही स्पर्धा ठेवा. सगळे पुरुष भाग घेतील आणि सगळे एकच संवाद म्हणतील.

६. हॉल

हॉलच्या नियमावलीत उघड्या ज्योतीला बंदी असते. उदबत्तीलाही, हे तुम्हाला धुराची घंटा वाजल्यावर कळतं. अग्निशमन दलाची गाडी आली की फोटोला घातलेला हार पाहून ते टोप्या काढतात आणि अगदी हळू आवाजात विचारतात की घरातलं कोण गेलं. 'घरातलं नाही, लावणीसम्राज्ञी' हे इंग्रजीत पटकन सांगता येत नाही. तेव्हा बॅटरीवरचे दिवे घ्या. सणासुदीच्या दुकानात सहाचं पाकीट मिळतं. त्यांच्या खालची कळ इतकी बारीक असते की नखाशिवाय दाबता येत नाही, आणि पाकिटातला एक दिवा पहिल्या भाषणातच डोळे मिचकावू लागतो. तो फोटोच्या मागे लपवा. तिथून नटाच्या कानामागे मिणमिण दिसते, तिला लोक तेज म्हणतात.

जून-जुलैत पाचला अंधार पडतो. हीटर लावायला हॉलच्या किल्लीवाल्याला आधी सांगून ठेवा. गारठलेला श्रोता दोन मिनिटांचं मौन चाळीस सेकंदांत मोडतो.

प्रत्येक कुटुंबाने एक पदार्थ आणायचा. श्रद्धांजलीला बटाटेवडा चालतो का, यावर ग्रुपवर तीन दिवस चर्चा होईल. होऊ द्या. त्या तीन दिवसांत कलाकाराचं नाव कुणी घेणार नाही, पण वातावरण तयार होतं. गोड नको, असं शेवटी ठरतं, आणि सात घरांतून शिरा येतो.

७. भाषण

सुरुवात 'मी' या शब्दाने करा. 'मी तेव्हा रुपारेलला होतो.' 'मी आणि माझा चुलतभाऊ एकदा पार्ल्याच्या स्टेशनवर उभे होतो.' त्यानंतर कलाकाराने चार सेकंद येऊन जावं. त्याने तुमच्याकडे बघितलं असेल तर उत्तम, तुम्ही त्याच्याकडे बघितलं असेल तरी भागतं. ही आठवण दर वेळी थोडी वाढवा. पहिल्या वर्षी त्यांनी मान हलवली, तिसऱ्या वर्षी 'काय म्हणता' विचारलं, सहाव्या वर्षी तुमच्या खांद्यावर हात. खोटं बोला असं मी म्हणत नाही. एवढ्या लांब राहून आठवण जिवंत ठेवायची तर तिला थोडं खायला घालावं लागतं.

श्रोत्यांचा अंदाज घ्या. प्रत्येकाचं मराठी तारांगण तो ज्या वर्षी विमानात बसला त्या वर्षी थांबलेलं असतं. १९९६ ला आलेल्या काकांना लक्ष्मीकांत बेर्डे अजून तरुण पोरगा वाटतो. २०१५ ला आलेल्यांना पुलं म्हणजे यूट्यूब. इथेच जन्मलेली मुलं लॅपटॉप सांभाळायला बसवलेली असतात, त्यांना यातलं कुणीच माहीत नसतं, आणि पडद्यावर योग्य वेळी योग्य फोटो फक्त तीच आणू शकतात. त्यांना आधी नावं इंग्रजी अक्षरांत लिहून द्या, नाहीतर भीमसेन जोशींच्या आठवणी चालू असताना मागे कुणी शाळकरी जोशी वाढदिवसाचा केक कापताना दिसेल.

मागच्या रांगेत, दाराजवळ, थर्मासची पिशवी मांडीवर घेऊन एक काकू बसलेल्या असतील. त्यांना माइक देऊ नका. त्यांनी 'विच्छा माझी पुरी करा' दादा कोंडक्यांना समोर बघून पाहिलंय. घरी मंगळागौरीला जाते सांगून, जावेला सोबत घेऊन, आणि तेही तीन वेळा. कुठल्या प्रयोगात दादांनी त्या दिवशीच्या बातमीवर काय जोडलं, पुढच्या रांगेतला कुठला साहेब उठून गेला, परतताना जाऊबाई हसून हसून बस-स्टॉपवर कशी बसून राहिली, हे त्या सांगायला लागल्या तर पंचवीस मिनिटं जातील. लोक हसतील, मुलं लॅपटॉप सोडून ऐकत बसतील, आणि अध्यक्षांचं भाषण राहून जाईल. काकूंना पाहुण्यांच्या स्वागताचं गुलाबाचं फूल द्या आणि बसवा.

तुलनेसाठी म्हणून सांगतो. या देशातल्या माओरी लोकांत माणूस गेला की तांगीहांगा करतात, बहुधा तीन दिवस. गेलेल्याला मधोमध ठेवून, त्याच्याशीच बोलतात. 'ते थोर होते' नाही, तर 'तू असा, तू तसा, माझ्यावर तू असा रागावलास, आता कुठे चाललास?' प्रत्येक भाषणानंतर बोलणाऱ्याची माणसं उभी राहून गातात. रडतात, भांडतात, शेवटच्या रात्री थट्टामस्करीही करतात. आपल्याकडे ७ डिसेंबर १९५६ ला दादर चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेपुढे अत्रे बोलले, ते त्या जातीचं बोलणं होतं. पण त्याला माणसाशी काही नातं असावं लागतं, आणि तीन दिवसांचं हॉलभाडं मंडळाला परवडणार नाही.

८. गाणी

श्रद्धांजलीचा कार्यक्रम साडेसहाला सुरू होतो आणि सव्वासातला त्याचा कॅराओके होतो. हे नैसर्गिक आहे, लढू नका. लताबाईंची पट्टी कुणालाच झेपत नाही, म्हणून ट्रॅक तीन सूर खाली घ्या. पुरुषांनी गायलं तरी चालतं, कारण दिवंगत व्यक्तीपेक्षा नंबर कधी लागतो हा प्रश्न मोठा असतो. निवेदकाने दोन गाण्यांच्या मध्ये एक आकडा ठोकावा. लताबाईंनी किती गाणी गायली? १९७४ च्या गिनेस बुकात पंचवीस हजार छापून आली, रफीसाहेबांनी हरकत घेतली, वाद वर्षानुवर्षं चालला, आणि १९९१ मध्ये ती नोंदच काढून टाकली गेली. तुम्ही बेधडक पन्नास हजार म्हणा. मोजून बघणारा माणूस ख्राइस्टचर्चमध्ये एकच आहे, आणि बापटकाका त्या वेळी चहाच्या रांगेत असतात.

९. स्मारकाची मागणी

सभेचा शेवट ठरावाने करा. लताबाईंवर शिवाजी पार्कला अंत्यसंस्कार झाले आणि चार दिवस होतात न होतात तोच त्यांचं स्मारक त्या मैदानावर हवं की नको, यावर महाराष्ट्रात वाजलं. आपणही मागणी करावी, पण गाव बघून. इथे कॅथीड्रल स्क्वेअरमध्ये जॉन गॉडलींचा पुतळा १८६७ पासून उभा होता. एवन नदीच्या काठी कॅप्टन स्कॉट होते, दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेले, पांढऱ्या संगमरवरात, आणि तो पुतळा घडवला होता त्यांच्या पत्नीने, कॅथलीनने. २२ फेब्रुवारी २०११ ला दोघंही खाली आले. स्कॉट घोट्यापाशी मोडले आणि २०१७ मध्ये पुन्हा उभे राहिले. तेव्हा पुतळा मागणार असाल तर पायांत सळई मागा. नाहीतर हॅगली पार्कात एक बाक मागा. पुलंना बाक जास्त आवडलं असतं.

एखादं स्थानिक नाव जोडलं तर ठराव वजनदार होतो. कॅशमिअरच्या टेकडीवर डेम नायो मार्श यांचं घर आहे. बत्तीस रहस्यकथा लिहिल्या आणि विद्यापीठातल्या पोरांकडून वर्षानुवर्षं शेक्सपिअर करून घेतला, १९८२ ला गेल्या. डेव्हिड मॅकफेल इथलेच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पंतप्रधान मल्डून यांची टीव्हीवर अशी नक्कल करायचे की देश खो खो हसायचा. ते गेले २०२१ मध्ये. त्या दिवशी तुमच्या ऑफिसात कुणी डोळे पुसताना दिसलं असतं तर 'कोण हे?' असं विचारायचं नसतं. नुसतं 'अरेरे' म्हणायचं. आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याच माणसाने येऊन 'तुमची ती गायिका गेली ना, ऐकलं मी' असं म्हटलं, तर त्याला पंचवीस हजारांचा आकडा सांगायचा नसतो. कॉफी पाजा.

शंकासमाधान

शंका: गेलेले कलाकार मला खरोखर आवडत होते. बातमी आल्यापासून मी गाडीत त्यांचं एकच गाणं लावून विमानतळापर्यंत गेलो आणि परत आलो. ग्रुपवर काहीच टाकलं नाही. माझं चुकलं का?
उत्तर: हो. पण वर्षश्राद्धाला संधी आहे.

शंका: राजकीय पुढारी गेल्यास?
उत्तर: फक्त हात जोडा. शब्द लिहिला की ग्रुप फुटतो. या गावात मराठी माणसं कमी आहेत, दोन मंडळं पोसणार नाहीत.

शंका: कलाकार मराठी आहे, पण मला तो कधीच आवडला नाही.
उत्तर: 'त्यांच्याविषयी मतभेद असू शकतात' हे वाक्य घाला आणि खाली मतभेद लिहू नका.

शंका: या सगळ्यापेक्षा एखादा कलाकार हयात असतानाच त्याचा कार्यक्रम का करू नये?
उत्तर: जरूर करा. मुंबई–सिंगापूर–ख्राइस्टचर्च जाऊन-येऊन तिकीट, व्हिसा, हॉटेल, मानधन, आणि सोबत तबलजी. मागच्या वर्षी कमिटीने हिशोब मांडून पाहिला. सध्या वाट पाहायचं ठरलं आहे.